बंड्याला कोरं दिसलेलं पान

"पान कोरं आहे," बंड्या म्हणाला.

तनयाला वाटलं, तो चेष्टा करतोय. पान कोरं कसं असेल? समोरच्या पडद्यावर बोटभर जागा मोकळी नव्हती. मधोमध वैजूआत्याचा फोटो होता. तिच्यामागे पूर्ण चंद्र, चंद्रामागे सोनेरी किरणं आणि दोन्ही बाजूंना झेप घेणारे वाघ. वर 'वैजयंता ढावरे', त्याखाली लाल पट्टीत 'गांडूळखत तज्ज्ञ', आणि सगळ्यात खाली, गोल गोल चौकटींत, हसणारे नातेवाईक आणि शेजारी. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत 'शुभेच्छुक'.

"परत वाच," तनया म्हणाली.

"परत वाचलं. कोरंच आहे. नाही म्हणायला एक चित्र आहे. त्याचं नाव 'आत्या फायनल नवीन खरंच फायनल'. बाकी काही नाही."

बंड्या हा पेठेतल्या वाचनालयातला यंत्रमानव. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात कामात आहेत किंवा ज्यांना नुसतं ऐकायला आवडतं, त्यांना वाचून दाखवणं हे त्याचं काम. त्याला डोळे नव्हते. त्याचा कॅमेरा काढून पाण्याचे मीटर तपासणाऱ्या दुसऱ्या यंत्राला बसवला होता. तेव्हापासून बंड्या पडद्याकडे बघत नसे. संगणकातला मजकूर तारेतून सरळ त्याच्या आत जाई आणि तो बोलू लागे. त्याचं कधी अडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आज अडलं होतं.

आणि अडायला नेमका आजचाच दिवस मिळाला होता.

चंद्रावर 'पहाट' नावाची वसाहत होऊन काही वर्षं झाली होती. तिथं हवा होती, पाणी होतं, काचेच्या छताखाली वाफे होते. फक्त माती नव्हती. चंद्रावर आहे ती दगडाची बारीक धूळ. तिच्यात कुजलेलं पान नाही, शेण नाही, किडा-मुंगी नाही. म्हणून वसाहतीला असं माणूस हवं होतं, जे स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून गांडुळांकरवी माती करून दाखवेल. ज्याला यायचं असेल त्यानं स्वतःच्या कामाची ओळख देणारं पान जालावर, म्हणजे इंटरनेटवर, ठेवायचं आणि त्याचा पत्ता आज संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा.

वैजूआत्या बार्शीच्या भाजीबाजाराचा सगळा कचरा घेऊन त्याचं खत करायची. चंद्रावर जायचं तिच्या मनानं घेतलं होतं. असं काम पुन्हा निघेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. तिचं पान करायचं काम तनयानं स्वतःहून मागून घेतलं होतं.

"अरे, अक्षरं आहेत की त्यात!" तनया म्हणाली. "केवढी मोठी सोनेरी!"

"असतील. चित्रातलं अक्षर हे माझ्या लेखी अक्षर नसतं, नुसते रंगाचे ठिपके असतात. आणि चंद्रावरही माझ्यासारखाच वाचणारा आहे. पृथ्वीवरून तिकडे जाणारी संदेशांची वाट अरुंद आहे. तिच्यावरून आधी हवा, पाणी आणि आजारी माणसांची माहिती जाते. मग मजकूर. चित्रं जागा उरली तर जातात, आणि जागा सहसा उरत नाही. सूचनेत लिहिलं होतं, पान वाचनयंत्राला वाचता आलं पाहिजे. वाचलं नव्हतंस?"

तनयानं वाचलं होतं. एवढं मोठं सोनेरी अक्षर कुणालाही वाचता येईल, असं तिला वाटलं होतं.

बाकावर बसलेली वैजूआत्या हसली. "मी म्हणत होते, गांडुळांच्या कामाला वाघ कशाला?"

"वाघांमुळं नाही अडलेलं," शेजारी बसलेले आबा म्हणाले. "वाघ चांगले उतरलेत." ते वैजूआत्याचे वडील. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. वाघ त्यांनीच काढून दिले होते.

तनयाची चूक तशी गावातल्या कुणाचीही झाली असती. प्लॅस्टिकचे फ्लेक्स बंद होऊन चौकात उजेडाचे फलक आले होते, पण त्यांच्यावरची तऱ्हा जुनीच होती. वाढदिवस असो, निवड असो, दुकानाचं उद्घाटन असो, मधे एक मोठा चेहरा आणि खाली सगळ्यांचे छोटे चेहरे. एखादा राहिला तर तो वर्षभर बोलत नाही. वैरागच्या काकांनी कालच फोन करून विचारलं होतं, "माझा फोटो गॉगलवालाच घेतलाय ना?" म्हणून तनयानं पान केलं ते चौकातल्या फलकासारखं, एकसंध एकच चित्र.

"आता काय करायचं?" तिचा आवाज बारीक झाला. "घड्याळ बघा ना."

आबा मात्र बंड्याकडे बघत होते. "हा म्हणतो ते मला पटतंय," ते म्हणाले. "मी पन्नाशीला टेकेपर्यंत पाट्या रंगवल्या, पण वाचता कुठं येत होतं? गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मी ते मोठं करून काढायचो. 'क' म्हणजे दांडीला एका बाजूला कान, दुसऱ्या बाजूला शेपूट. 'ळ' म्हणजे चष्मा. अक्षर झकास यायचं. ते काय म्हणतंय, ते मात्र ठाऊक नसायचं. एकदा डेअरीची पाटी शिंप्याच्या दुकानावर चढवली आणि शिंप्याची डेअरीवर."

"मग?"

"मग काय, लोक शिंप्याकडं किटल्या घेऊन गेले. आणि डेअरीवर लिहिलेलं, पुरुषांचे कपडे अर्जंट शिवून मिळतील."

"तेव्हा मी तिसरीत होते," आत्या म्हणाली. "मग मीच यांना बाराखडी शिकायला बसवलं. काय रडवलंय मला!"

"रडवलं कुणी कुणाला?" आबा म्हणाले.

बंड्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. "म्हणजे आबा, तुमच्या हातून अक्षर निघत होतं, पण तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं. तनयाच्या पानाचं तसंच झालंय. तनया, एक रिकामी फाईल उघड. रंग नको, चित्र नको. आपण एचटीएमएलमध्ये लिहू."

एचटीएमएल (मजकुराला खुणा करून, त्यातला कोणता भाग काय आहे हे यंत्राला सांगण्याची पद्धत) हे नाव तनयानं ऐकलं होतं. पण ते मोठ्या लोकांचं, अवघड काम असणार, असं तिला वाटे.

"आत्या, तुमच्याकडे कचऱ्याची पोती येतात, ती ओळखता कशी?" बंड्यानं विचारलं.

"चिठ्ठी लावते. ओलं, सुकं, शेण. आत काय आहे ते उघडून बघायला नको."

"एचटीएमएलमध्ये तेच करायचं. मजकूर म्हणजे माल. खूण म्हणजे चिठ्ठी. तिला टॅग म्हणतात. टॅग दोन टोकदार कंसांत लिहायचा. मजकुराच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक. शेवटच्या टॅगमध्ये एक तिरपी रेघ द्यायची, म्हणजे पोत्याचं तोंड बांधलं. पानाच्या मुख्य नावाचा टॅग एच-वन आणि परिच्छेदाचा पी. लिही."

तनयानं लिहिलं:

<h1>वैजयंता ढावरे
<p>मी बार्शीच्या भाजीबाजारातल्या कचऱ्याचं गांडूळखत करते.</p>

बंड्यानं वाचायला सुरुवात केली आणि वाचनालयातली सगळी माणसं दचकली. "वैजयंता ढावरे! मी बार्शीच्या! भाजीबाजारातल्या! कचऱ्याचं!"

"अरे, हळू! ओरडतोस काय?"

"मी कशाला ओरडू? तूच ओरडायला सांगितलंस. पहिल्या पोत्याचं तोंड बांधलं नाहीस. त्यामुळे पुढचं सगळं त्याच पोत्यात शिरलं. मी ते सगळं मथळा म्हणून वाचलं."

तनयानं नीट पाहिलं. नावाच्या शेवटी टॅग नव्हताच. तिनं तो घातला:

<h1>वैजयंता ढावरे</h1>

आता बंड्यानं नाव ठसक्यात वाचलं, थोडा थांबला आणि पुढचं वाक्य साध्या आवाजात वाचलं. तनयानं ते पान ब्राउझरमध्ये (जालावरची पानं माणसांना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडलं. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं. वर मोठं नाव, खाली एक ओळ.

"कळलं! एच-वन म्हणजे अक्षर मोठं करायची खूण," ती म्हणाली.

"नाही. इथंच बरेच जण चुकतात. मोठं करून दाखवायचं ते ब्राउझरनं ठरवलं. खूण एवढंच सांगते की हे या पानाचं मुख्य नाव आहे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते मोठं दिसेल. कानांनी वाचणाऱ्याला ते मथळा म्हणून ऐकू येईल. खूण एकच, पण वाचणारा आपापल्या परीनं तिचा उपयोग करतो. म्हणून कसं दिसावं हे आधी ठरवायचं नाही. काय आहे, ते आधी सांगायचं."

तनयाला चौकातले फलक आठवले. तिथं सगळंच मोठं असतं. मग त्यात मुख्य काय, हे कुणी कुणाला विचारतच नाही.

"आत्या, मग मुख्य काय ते सांग. तू काय काय करतेस?"

"काय करते? खत करते."

"ते लिहिलं. पुढं?"

"पुढं काय? विकते."

"आत्या! चंद्रावरचा माणूस तुला ओळखत नाही. तू एवढंच बोललीस तर तो दुसऱ्या कुणाला बोलावेल."

आत्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून काळं होतं. मग ती हळूहळू बोलू लागली. ओल किती हवी हे ती मूठ दाबून बघते. पिळलेल्या फडक्याएवढी ओल हवी. पाणी टपकलं तर जास्त. लिंबाची सालं एका जागी ओतायची नाहीत, आंबट जागेत गांडुळं थांबत नाहीत. तनया लिहीत गेली. बंड्यानं तिला एच-टू हा टॅग सांगितला, आतल्या भागांच्या मथळ्यासाठी. असे मथळे असले की वाचणारा हवा त्या भागावर उडी मारू शकतो, सगळं पान ऐकत बसावं लागत नाही. 'माझं काम', 'माझी पद्धत', असे दोन भाग झाले.

"आणि एकदा सगळी मेली होती," आत्या मधेच म्हणाली.

"काय मेलं?"

"गांडुळं. पहिल्याच उन्हाळ्यात. भाजीचा ताजा कचरा आणि ताजं शेण, सगळं एकदम वाफ्यात भरलं. मला वाटलं, जास्त घातलं तर जास्त खाणार. पण ताजा कचरा कुजताना आपोआप तापतो. वाफ्यात हात घातला तर आत भाकरीच्या तव्यासारखं. एक जिवंत नव्हतं. तेव्हापासून मी कचरा आधी बाजूला अर्धा कुजू देते, थंड झाला की मगच घालते. तोही वाफ्याच्या एकाच बाजूला. म्हणजे नाही मानवलं तर त्यांना सरकायला जागा राहते."

तनयाची बोटं थांबली. "हे लिहू?"

"छे!" आबा ताठ बसले. "इतक्या पाट्या रंगवल्या, पण 'आमच्याकडं माल खराब निघाला होता' अशी पाटी कुणी सांगितली नाही. लिहू नकोस. घेणार नाहीत तिला."

ते एवढ्या घाईनं बोलले की तनयानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. आबांना आत्यानं जावं असं वाटतं की जाऊ नये, हे तिला घरातही कधी नीट कळलं नव्हतं. पण आत्ता, पानावर आपल्या लेकीचं काही उणं दिसू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

"बंड्या, तू सांग," तनया म्हणाली.

"मी मजकूर वाचतो, ठरवत नाही. एवढं मात्र सांगतो. 'उत्कृष्ट', 'नामांकित', 'तज्ज्ञ' हे शब्द मी रोज इतक्या पानांवर वाचतो की ते वाचून झाल्यावर माझ्याजवळ काहीच उरत नाही. पान आत्यांचं आहे."

सगळे आत्याकडे बघू लागले. बाहेर सावली कट्ट्यावर चढली होती.

"लिही," आत्या म्हणाली. "ती मेली नसती तर मला हे आलं नसतं. ते झाकून तिकडं गेले, तर तिकडं कुणी विचारल्यावर काय सांगू? मथळा दे, चुकलेला उन्हाळा."

तनयानं लिहिलं.

मग एक फोटो घातला. एकच. वाफ्यावर वाकलेली आत्या. फोटोच्या टॅगमध्ये ऑल्ट (फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहायचं त्याचं वर्णन) घालायची जागा होती. तनयानं आधी तिथं 'आत्याचा फोटो' असं लिहिलं.

"त्यात काय आहे?" बंड्यानं विचारलं. "मला दिसत नाही, म्हणून विचारतोय."

तिनं ते खोडून लिहिलं, 'वैजयंता ढावरे दोन्ही हातांत काळी, भुसभुशीत माती धरून वाफ्यावर वाकल्या आहेत. मातीत गांडुळं दिसत आहेत.'

"आता दिसलं," बंड्या म्हणाला.

राहता राहिले शुभेच्छुक. त्यांना काढलं तर घरात भांडण, ठेवलं तर पानभर गर्दी. यावर उपाय बंड्याकडे होता. लिंक (जिच्यावर गेलं की दुसरं पान उघडतं, अशी ओळ). तनयानं दुसरं पान केलं. त्यावर सगळे चेहरे ठेवले, प्रत्येकाच्या ऑल्टमध्ये नाव लिहिलं, आबांचे दोन्ही वाघ घातले आणि पहिल्या पानाच्या तळाशी लिंक दिली, 'माझी माणसं'. ज्याला बघायचं तो त्या दारानं आत जाईल. ज्याला कामाचंच वाचायचं आहे, त्याच्या वाटेत कुणी उभं राहणार नाही.

"काकांचा गॉगल लिहिलास ना ऑल्टमध्ये?" आत्यानं विचारलं.

"लिहिला."

"मग झालं."

बंड्यानं सगळं पान एकदा वाचून दाखवलं. आवाज तोच, यंत्राचा. पण आत्या मान खाली घालून ऐकत राहिली. आपण काय करतो हे असं सलग तिनं कुणाकडून ऐकलं नव्हतं. वाचून होताच तनयानं दोन्ही पानं वाचनालयाच्या सर्व्हरवर (जालावरची पानं साठवून, मागेल त्याला पाठवणाऱ्या संगणकावर) ठेवली आणि पत्ता पाठवला. पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता.

त्यानंतर बरेच दिवस काही आलं नाही. आत्या रोज बाजारात जायची, यायची. तनया शाळेतून येताना वाचनालयात डोकवायची, आणि तिनं विचारायच्या आतच बंड्या म्हणायचा, "नाही."

एका दुपारी तो म्हणाला, "आत्यांना बोलाव. आबांनाही."

पत्र चंद्रावरून आलं होतं. वसाहतीत मातीचं काम बघणाऱ्या मेरेन आओ नावाच्या गृहस्थांनी ते लिहिलं होतं आणि भाषांतरयंत्रानं त्याचं मराठी केलं होतं. त्यात ना चित्र, ना रंग. बंड्या वाचू लागला.

"नमस्कार. तुमचं पान मी वाफ्यात काम करता करता ऐकलं. खरं सांगायचं तर अर्धवटच ऐकत होतो. पण 'चुकलेला उन्हाळा' हा मथळा आला आणि मी हातातलं काम ठेवलं. गेल्या महिन्यात आमचीही बरीचशी गांडुळं मेली. आम्हाला वाटलं, चंद्राची धूळ त्यांना मानवत नसणार. धूळ तपासत बसलो. तुमचा परिच्छेद ऐकून उरलेल्या वाफ्यात कोपरापर्यंत हात घातला. आतून गरम होता. आता कचरा बाहेर काढून थंड करतोय. जी जगलीत, ती तुमच्या हातात द्यायची आहेत. प्रशिक्षणाला कधी येऊ शकाल?"

बंड्या थांबला. वाचनालयात पंखा फिरत होता. आत्यानं पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग पुन्हा तोंड पुसलं.

"वाच बरं परत," आबा म्हणाले.

बंड्यानं परत वाचलं. 'चुकलेला उन्हाळा' आलं तेव्हा आबांनी मान हलवली. "बरं झालं, माझं ऐकलं नाहीत," ते म्हणाले. मग बराच वेळ ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तनयाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तिनं आत्याच्या पानाची फाईल उघडली. चौकातला फलक बदलायचा तर सगळा उतरवून नवा करावा लागतो. इथं एक ओळ शोधायची आणि बदलायची, एवढंच. तळाशी एका छोट्या परिच्छेदात 'मुक्काम: बार्शी' असं होतं. तिनं 'बार्शी' पुसलं आणि लिहिलं, 'मुक्काम: पहाट वसाहत, चंद्र'.

"काय लिहिलंस?" आबांनी जवळ येऊन विचारलं. ते वाकले आणि अक्षरावर बोट ठेवत त्यांनी ती ओळ स्वतः वाचली. "आत्ताच नको, पोरी. अजून इथंच आहे की ती."

तनयानं आबांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग चंद्र पुसला आणि पुन्हा 'बार्शी' लिहिलं.

"एक खूण सांगायची राहिली होती," बंड्या हलक्या आवाजात म्हणाला. "कधी कधी पान करणाऱ्याला स्वतःसाठी काही लिहून ठेवायचं असतं. वाचणाऱ्याला ते दिसायला नको असतं. त्यासाठी कंस उघडून एक उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा द्यायच्या, आणि शेवटी पुन्हा दोन रेघा देऊन कंस मिटायचा. मधलं सगळं फाईलमध्ये राहतं, पण पानावर येत नाही. तिला टिप्पणी म्हणतात."

तनयानं 'बार्शी'च्या खाली तशी खूण केली आणि आत लिहिलं:

<!-- आत्या पोचली की इथे चंद्र लिहायचं. -->

पडद्यावर पान होतं तसंच राहिलं. मुक्काम: बार्शी.

"तुला दिसतंय ना ते?" तिनं बंड्याला कुजबुजत विचारलं.

"दिसतंय," बंड्या म्हणाला. "पण मी मोठ्यानं वाचणार नाही."